आभार न मानलेली गोळी

धुळ्याहून जळगावला जायला एसटीचं एक तिकीट लागतं. भिकन आबा दोन काढत. पहिलं धुळे ते एरंडोल, दुसरं एरंडोल ते जळगाव. मध्ये एरंडोलला उतरायचं, स्टँडमागे राहणाऱ्या लेकीच्या, समीक्षाच्या घरी दहा मिनिटं टेकायचं, बशीतला चहा फुंकून फुंकून संपवायचा आणि "येतो गं, जळगावला डोळे दाखवायचे आहेत" म्हणत पुन्हा स्टँड गाठायचा. हा सगळा उपद्व्याप कशासाठी, तर धुळ्यात चर्चमधल्या कोणी विचारलं, आबा कुठे निघालात, तर "लेकीकडे, एरंडोलला" असं सांगता यावं आणि ते खोटंही ठरू नये. आबांनी खोट्याला असं खऱ्याचं धोतर नेसवून ठेवलं होतं. महिन्यातून एकदा, सात वर्षं.

आणि डोळ्यांचंही तसंच. जळगावला ते ज्या डॉक्टरकडे जात तो डोळ्यांचा नव्हता. तो मनाचा डॉक्टर होता. त्याच्या दवाखान्याच्या जिन्यापाशी आबा आधी पानटपरीवर थांबत, इकडेतिकडे बघत, आणि रस्ता मोकळा झाला की माणूस उघड्यावर लघवीला बसताना वळतो तसे पटकन जिन्याकडे वळत.

डॉक्टर भला माणूस होता. झोप कशी आहे, भूक कशी आहे, छातीत धडधडतं का, विचारायचा. जाताना दर वेळी एकच सांगायचा, "आबा, गोळी बंद करायची तर मी सांगेन तेव्हा, तेही हळूहळू. मनाने नाही." आबा मान हलवत. महिन्याच्या गोळ्या घेत, आणि घरी येऊन पाकीट कात्रीने कापून चष्म्याच्या घरात, चष्म्याखाली घालत. चष्म्याचं घर कोणी उघडत नाही. तो चष्माही देवाच्याच कामाचा. आबांनी आयुष्यभर धान्याच्या गोदामात हमाली केली. अक्षर शिकले ते चाळिशीनंतर, चर्चच्या संध्याकाळच्या वर्गात, शास्त्र वाचता यावं म्हणून. अजूनही ओळीखाली बोट धरून वाचत. चष्मा काढायचा, पुसायचा, वाचायचं. चष्म्याखाली काय आहे ते एका देवाला ठाऊक आणि एका आबांना.

रोज सकाळी न्याहारीनंतर एक गोळी. आबांच्या घरात आभार मानल्याशिवाय घास तोंडात जात नसे. बायको रुक्माबाई होती तेव्हापासूनची ती रीत. भाकर असो, नुसता चहा असो, शेजाऱ्याने दिलेलं अर्धं केळं असो, आधी टोपी काढायची, डोळे मिटायचे, हे प्रभू, तू दिलंस म्हणून आभार. रुक्माबाई गेली तरी एकट्या माणसाच्या ताटावरही आबा तेवढं म्हणत. फक्त गोळीवर कधी म्हटलं नाही. गोळी ते खिडकीकडे पाठ करून, टोपी डोक्यावर ठेवून, चोरून खाल्लेल्या गुळासारखी गिळत. लपवलेल्या वस्तूचे आभार कसे मानायचे? मानले तर देव म्हणेल, मग लपवतोस कशाला?

ह्याची सुरुवात रुक्माबाई गेली त्या वर्षी झाली. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चढणारा माणूस भाजीबाजारात, भर दुपारी, वांग्याच्या ढिगासमोर खाली बसला. छाती आवळली, घाम फुटला, आता जीव जातो असं वाटलं. लोकांनी दवाखान्यात नेलं. हृदय ठणठणीत निघालं. पुन्हा आठ दिवसांनी तेच, मग रोज. आबांना रिक्षात बसवेना, गर्दीत उभं राहवेना. सकाळी डोळे उघडले की पहिली भीती, आज पुन्हा येईल काय. आणि भीती नसे तेव्हा मन असं काळं पडे, की दारावर कोणी हाक मारली तरी उत्तर द्यावंसं वाटत नसे. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, हा मनाचा आजार आहे, गोळ्या घ्या. धुळ्यातच सुरू झाल्या. दोन महिन्यांत बरं वाटू लागलं.

बरं वाटलं तिथेच घोटाळा झाला. एका रविवारी बाहेरून आलेल्या उपदेशकाने विश्वासावर असं काही सांगितलं, की आबांच्या अंगावर काटा आला. ज्याचा देवावर भरवसा त्याला कसली भीती, असं तो म्हणाला. आबांना वाटलं, खरंच की. मी गोळीवर भरवसा ठेवतो आणि देवावर नाही. चर्चमधून ते सरळ पांझरेवर गेले आणि लहान पुलावरून गोळ्यांचं पाकीट नदीत टाकून दिलं. पुढच्या रविवारी उभं राहून त्यांनी साक्ष दिली. देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, त्याला चर्चमध्ये साक्ष म्हणतात. आबा म्हणाले, मी गोळ्या पांझरेत सोडल्या, त्या वाहून गेल्या आणि माझी भीतीही वाहून गेली. बाया रडल्या. पाळक प्रेमराज तेव्हा नवा होता, जेमतेम तिशीचा. त्याने आबांना मिठी मारली. कोणीतरी मोबाइलवर सगळं उतरवून घेतलं. तेव्हापासून तिचं नावच पडलं, पांझरेची साक्ष. दर वर्षी मेळाव्यात आबांना उभं करायचं आणि पांझरेची साक्ष सांगायला लावायची.

ती दिली त्या दिवशी ती खरी होती, एवढं आबांच्या बाजूने म्हणता येईल. फक्त एक गोष्ट तेव्हाही खरी नव्हती. गोळ्या वाहून गेल्या नव्हत्या. उन्हाळ्यात पांझरेला वाहायला पाणी असतं कुठे? पाकीट खाली चिखलात पडलं होतं आणि पुलावरून चांदीच्या वर्खासारखं चमकत होतं.

आणि सहा आठवड्यांनी भीती परत आली. गेली त्याच्या दुप्पट होऊन आली. त्या सकाळी आबा पुलाखाली उतरले. पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून, चिखलात, प्लास्टिकच्या पिशव्या काठीने उलट्या करत ते गोळ्या शोधत होते. काठावर कपडे धुणाऱ्या एका माणसाने विचारलं, "आबा, काय हरवलं?" आबा म्हणाले, "किल्ली."

गोळ्या सापडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आबांनी आयुष्यात पहिल्यांदा दोन तिकिटं काढली.

तर अशी सात वर्षं गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती मूठ दिवसरात्र आवळून धरायची म्हणजे हात किती दुखतो ते ज्याचं त्याला माहीत.

ह्या वर्षी दिवाळी झाल्यावरची गोष्ट. रविवारची उपासना संपली, लोक दारात चपला शोधत होते. चारुलता आबांजवळ आली. तिशीची बाई, एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून, चर्चमध्ये गीतं तीच सुरू करायची. तिने आवाज लावला की मागच्या बाकावरची म्हातारीसुद्धा सरळ बसे. पण धाकटी मुलगी झाल्यापासून ती वाळत चालली होती. तिच्यावर मनाचे उपचार चालू आहेत असं कुजबुजत्या आवाजात सगळ्यांना माहीत होतं. काही बायांनी तिला तोंडावरही सांगितलं होतं, बाई, विश्वास कमी पडतोय.

तिने आबांचा हात हातात घेतला. तिचा चेहरा हसरा होता, पण डोळे फार मोठे दिसत होते.

"आबा, सासूबाईंनी तुमची साक्ष दाखवली मोबाइलवर. चार वेळा बघितली मी. परवा मीही टाकल्या. पांझरेतच."

"काय टाकल्या, बेटा?" आबांनी विचारलं, जसं काही कळलंच नाही.

"गोळ्या. तुम्ही जिथून टाकल्या तिथूनच. तुमच्यामुळे धीर आला."

मागे शालिग्राम उभा होता. आबांच्याच वयाचा, गोदामातला जुना सोबती, आता चर्चचा पंच आणि सगळ्यांची टिंगल करणारा. तो म्हणाला, "आबा, नगरपालिकेला सांगून तिथे पाटी लावून घ्या. इथे गोळ्या टाकाव्यात, कचरा टाकू नये." दोघं-तिघं हसले. चारुलताही हसली. आबाही हसले. ते हसणं त्यांना पुढे कित्येक दिवस आठवत राहिलं. त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं. पोरी, मी अजून घेतो, एवढंच. त्याऐवजी ते हसले आणि म्हणाले, "देव बरं करो."

घरी जाऊन त्यांनी भाकरीवर आभार मानले, पण भाकर तशीच झाकून ठेवली.

सोमवारी ते ठरवून तिच्या घरी गेले. सोबत पावशेर पेरू नेले. सासूने आबांना खुर्ची दिली आणि मोठ्या कौतुकाने शेजारणीला बोलावून आणलं, हेच ते पांझरेचे आबा. शेजारणीने वाकून नमस्कार केला. आता तिथे काय बोलणार? आबा पेरू ठेवून परतले. गुरुवारी पुन्हा गेले, तेव्हा चारुलता ऑफिसात होती. मग त्यांनी मनाची समजूत घातली. तिला कदाचित खरंच बरं वाटत असेल. देव काय करू शकत नाही? एखाद्याला तो बिनगोळीचाही बरा करत असेल. मी कोण मध्ये तोंड घालणार? माणसाला लाज झाकायची असली की देवाचं नाव फार लवकर सापडतं.

पुढच्या रविवारी गीतं दुसऱ्याच बाईने म्हटली. त्याच्या पुढच्या रविवारी चारुलताची बाकावरची जागा रिकामी होती. आबांनी कोणाला काही विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी आबांची न्याहारी नुकतीच झाली होती. चष्म्याचं घर हातात होतं, तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. चारुलताचा नवरा दीपक होता. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, कमी बोलणारा, सरळ पोरगा. आबांनी चष्म्याचं घर खिशात घातलं.

दीपक उंबऱ्यावरच बसला. म्हणाला, आठ दिवस झाले, ती उठत नाही. केस विंचरत नाही. मुलगी रडली तर भिंतीकडे तोंड करते. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणते, आता गेले तर देवाला काय तोंड दाखवू. आई म्हणते आबांना आण, ते हात ठेवून प्रार्थना करतील.

मग तो नखाने उंबऱ्याची माती काढत राहिला.

"आणि काल दुपारी ती घरात नव्हती. शोधत शोधत लहान पुलावर गेलो. आधी पुलावर बघितलं, तर माझ्या काळजाचं पाणी झालं, कारण ती तिथे नव्हती. मग खाली बघितलं. नदीत उतरली होती, आबा. चिखलात. काठीने कचरा हलवत होती. म्हटलं, काय शोधतेस? तर म्हणे, कानातलं पडलं." दीपकने वर बघितलं. "दोन्ही कानांत कानातली होती."

त्यांनी भिंतीला हात लावला. सात वर्षांपूर्वीचा चिखल त्यांच्या घोट्यांना लागला, तसाच थंड. काय हरवलं, आबा? किल्ली.

"चल," ते म्हणाले.

मोटारसायकलवर मागे बसून जाताना त्यांनी प्रार्थना करायचा प्रयत्न केला. शब्द सुचेना. एवढंच सुचलं, की प्रभू, मला परत वळू देऊ नको. कारण वळण्याची इच्छा त्यांना प्रत्येक चौकात होत होती.

खोलीत चारुलता कॉटवर बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. सासू दारात उभी राहिली आणि मुलगी तिच्या कडेवर. सासू म्हणाली, "आबा, डोक्यावर हात ठेवा हिच्या. तुमच्या प्रार्थनेत बळ आहे."

आबा खाली फरशीवर बसले. सासूने खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत. त्यांनी पाणी मागितलं. दीपकने तांब्या-पेला आणून दिला. आबांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं. सगळ्यांना वाटलं, आता शास्त्र वाचणार. त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला, त्याच्या खालून कापलेलं पाकीट काढलं आणि एक गोळी तळहातावर घेतली. मग डोक्यावरची टोपी काढली.

"हे प्रभू," ते म्हणाले, "ही गोळी तू दिलीस म्हणून आभार. सात वर्षं दिलीस. मी एकदाही आभार मानले नाहीत. ही बनवणाऱ्याचे आभार. देणाऱ्या डॉक्टरचे आभार. माझी लाज वाटून घेऊ नको. आमेन."

सवयीने सासूच्या तोंडूनही आमेन निघालं, आणि मग तिने तोंडावर हात ठेवला. आबांनी गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी प्यायले. ते पाणी उतरतानाचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू आला.

मग त्यांनी सगळं सांगितलं. चारुलताकडे बघून नाही, तिच्या पायांकडे बघून. सहा आठवडे, ती परत आलेली भीती, दोन तिकिटं, डोळ्यांचं खोटं. शेवटी म्हणाले, "मीही उतरलो होतो खाली, बेटा. त्याच जागी. एकाने विचारलं, तर म्हटलं किल्ली हरवली."

चारुलताने हळूच मान उचलली. तिने त्यांच्याकडे बघितलं. आबांना वाटलं होतं, ती रडेल, तिला हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. तिचा आवाज अगदी कोरडा होता.

"त्या दिवशी चर्चच्या दारात मी तुमचा हात धरला होता, आबा. तेव्हा का नाही बोललात?"

"लाज वाटली."

"मला वाटलं, देव तुमचं ऐकतो आणि माझं ऐकत नाही. अठरा दिवस मी हेच धरून बसले."

क्षमा माग म्हणून कोणी सांगायची गरज नव्हती, आबांनी ती मागितली. तिने फक्त पाय कॉटखाली सोडले आणि दीपकला म्हणाली, "डॉक्टर किती वाजता बसतात?"

दीपकने मोटारसायकलची किल्ली खिशातून काढून बघितली, परत खिशात घातली, परत काढली. सासू आबांकडे बघत नव्हती. जाताना तिने त्यांना चहाही विचारला नाही, आणि ह्याचं आबांना वाईट वाटण्यापेक्षा बरंच वाटलं.

तिथून आबा पाळक प्रेमराजकडे गेले. प्रेमराजच्या टेबलावर मेळाव्याच्या पत्रिकांचा गठ्ठा होता, छापून आलेला. त्यांवर ओळ होती, दुसऱ्या दिवशी सकाळी, भिकन आबा, पांझरेची साक्ष. प्रेमराजने सगळं ऐकलं. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, आबा, आठच दिवसांवर मेळावा आहे, आदिवासी पाड्यांवरून नवी माणसं येणार, त्यांचा विश्वास कच्चा, मेळावा होऊ द्या, मग बघू. तो वाईट माणूस नव्हता. पत्रिका छापलेल्या माणसासारखा बोलत होता.

आबा म्हणाले, "पाळकसाहेब, ती काल नदीत उतरली होती."

प्रेमराजने विचारलं, "आबा, सात वर्षांत मला एकट्याला तरी सांगायचं."

"तुम्ही दर वेळी इतके खूश होत होता," आबा म्हणाले.

हे वाक्य प्रेमराजला लागलं. त्याने गठ्ठ्यावरची वरची पत्रिका उचलली, उलटी करून ठेवली. मग हळू आवाजात म्हणाला, शास्त्रातला एलीया झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला विश्वासावर भाषण दिलं नाही, भाकर आणि पाणी दिलं आणि झोपू दिलं. हे मी तीन वेळा शिकवलंय, आबा. शिकवलंय आणि पुढच्याच आठवड्यात तुमची साक्ष लावलीय. रविवारी उपदेशाच्या आधीची वेळ तुमची.

रविवारी आबा उभे राहिले. पांझरेची साक्ष सांगताना ते नेहमी हात वर करत. त्या दिवशी दोन्ही हात बाकाच्या पाठीला धरून होते. ते म्हणाले, मी तुम्हाला अर्धी साक्ष सांगितली होती, आज उरलेली सांगतो. फार वेळ लागला नाही. चारुलताचं नाव त्यांनी घेतलं नाही. चिखलात उतरल्याचं सांगितलं, किल्लीचं सांगितलं, जळगावचं सांगितलं. देवाने मला टाकलं नाही, मीच गोळी टाकली होती, असं म्हणाले. गोळी हा माझ्या विश्वासाचा कमीपणा नव्हता, लपवणं हा होता. एवढं बोलून ते बसले.

कोणी रडलं नाही. कोणी आमेन म्हटलं नाही. चार माणसं तरी त्यानंतर आबांना सलाम करेनाशी झाली. एका बाईने उपासना संपल्यावर ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, म्हणजे सात वर्षं आम्हाला वेड्यात काढलं. खोटं नव्हतं ते. प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीची ताटली फिरवायचा मान आबांचा होता. पुढच्या वेळी त्यांनी ती ताटली आपणहून शालिग्रामच्या हातात दिली. प्रेमराजने नको म्हटलं, तरी दिली. त्यांना वाटत होतं, काही दिवस हात रिकामे राहिलेले बरे.

पत्रिकांवर त्यांच्या नावाच्या ओळीवर प्रेमराजने स्वतः बसून कागदाची पट्टी चिकटवली. ती पट्टी पातळ होती. उजेडात धरली की खालचं नाव वाचता येई.

चारुलता महिनाभर आली नाही. दीपककडून कळायचं, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, डॉक्टर रागावले, मग समजावलं. झोपते. मुलीला घेते. एका रविवारी ती येऊन शेवटच्या बाकावर बसली. गायली नाही. आबांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं नाही. उपासना संपल्यावर दारात चपला घालताना ती शेजारी आली. तिने आबांचा हात धरला नाही. फक्त विचारलं, "आज घेतली?"

"घेतली," आबा म्हणाले. "तू?"

"घेतली." आणि ती गेली.

त्यापेक्षा जास्त काही मागायचा आपल्याला हक्क नाही, हे आबांना कळत होतं. पुढच्या रविवारी पुन्हा तेवढंच बोलणं झालं. त्याच्या पुढच्या रविवारीही.

जळगावला जायचा दिवस आला तेव्हा आबा धुळ्याच्या स्टँडवर बसची वाट बघत उभे होते. शालिग्राम कुठून तरी उगवला. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी.

"काय आबा, बठ्ठं बरं शे ना?" तो म्हणाला. खुशाली विचारून झाली, मग त्याने इकडेतिकडे बघितलं. आबांना ते बघणं ओळखीचं वाटलं. पानटपरीपाशी ते स्वतः तसंच बघत. शालिग्राम म्हणाला, "तो तुमचा डॉक्टर. माणूस कसा आहे? माझ्यासाठी नाही. एका ओळखीच्यासाठी विचारतो."

"भला आहे," आबा म्हणाले. "त्या ओळखीच्याला म्हणावं, चल माझ्यासोबत."

शालिग्रामने पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. जन्मात पहिल्यांदाच त्याच्याजवळ टिंगल नव्हती. "तो ओळखीचा पिशवी घेऊनच आलाय," तो म्हणाला.

बसमध्ये कंडक्टर आला. आबांनी दोघांची आधार कार्डं पुढे केली. "दोन अर्धी. जळगाव." इतक्या वर्षांत ह्या बसमध्ये जळगाव हा शब्द त्यांनी मोठ्याने उच्चारला नव्हता. यंत्रातून तिकीट निघालं, एकच लांब कागद. एरंडोल आलं तेव्हा आबांनी खिडकीतून समीक्षाच्या गल्लीकडे बघितलं. तिला अजून सांगायचं बाकी होतं. परत येताना उतरायचं आणि सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. त्या विचाराने कानशिलं तापली.

निघायच्या गडबडीत सकाळची गोळी राहिली होती. आबांनी पिशवीतून भाकर काढली, अर्धी शालिग्रामला दिली. दोन घास खाऊन चष्म्याचं घर उघडलं. गोळी हातावर घेतली. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले. शेजारी शालिग्रामनेही मान खाली घातली.

पुढच्या सीटवरची एक म्हातारी मागे वळून बघत होती. तिने हात पुढे केला आणि विचारलं, "भाऊ, परसाद शे का?"

आबांनी डोळे उघडले. बसमध्ये पाच-सात माणसं ऐकत होती. लाज अजूनही तशीच वर आली, कानापर्यंत.

"नही माय," ते म्हणाले. "गोळी शे. मना जीव घाबरस." माझा जीव घाबरतो, असं भर बसमध्ये त्यांनी सांगून टाकलं.

म्हातारीने हात मागे घेतला. मग म्हणाली, "मना बी," आणि पुन्हा समोर बघू लागली.